शुभाच्या डोळ्यांची उंची

२८ ऑगस्ट २००७, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. अमेरिकेतल्या शुगर लँडजवळच्या कम्युनिटी कॉलेजात चित्रकलेच्या वर्गाला आम्ही चौदा विद्यार्थी होतो. त्यांत साठी उलटलेले दोघेच, मी आणि माझी पत्नी शुभा. आमची नावे मुलाने, अनीशने, घातली होती. आम्ही दिवसभर घरात असणे त्याला जड जात होते. ते त्याने 'हॉबी' या शब्दात बसवले.

पॉलिटेक्निकमधून बाहेर पडल्यावर मी बत्तीस वर्षे यंत्रांचे आराखडे काढले. शुभाने पेन्सिल धरली ती इथेच. तरी शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर वर्गखोलीचे चित्र लावले ते तिचे.

मी ते तपासले. चित्रातल्या कपाटांच्या दूर जाणाऱ्या कडा पट्टीने वाढवल्या की त्या जिथे मिळतात, ती चित्रकाराच्या डोळ्यांची पातळी. शुभा उभी राहिली तरी ती पातळी पावणेपाच फूट भरते. चित्रात सात निघाली.

"स्टुलावर चढली होतीस?"

"तुमची पट्टी चुकली असेल. एकदा चुकू द्या की तिला!" ती हसली.

ऑक्टोबरात तिने कपाटांचे माथे रेखाटले. एकावर गंजलेला डबा होता. वर्ग सुटल्यावर मी शिडी लावली. डबा तिथे होता. भोवतीच्या धुळीवर कुणाचे बोटही उमटलेले नव्हते.

घरी हाकेला ओ द्यायला तिला उशीर होऊ लागला. कान तपासून घेतले, निर्दोष निघाले.

पुढचे चित्र कॉलेजच्या छपराचे होते, वरून पाहिलेले.

मी कार्यालयात जाऊन तिचे नाव काढून टाकले.

"बाबा, क्लास कॅन्सल कशाला केलात?" अनीश चिडला. "आई हॅपी होती तिथं. तिचं चित्र लागलं, तुमचं नाही, म्हणून?"

"तिला खाली आणायचं आहे."

त्याने बायकोकडे पाहिले.

शुभाने वाद घातला नाही. ती स्वयंपाकघरात बसून काढत राहिली. आधी आमचे जेवणाचे टेबल: अनीश, सून आणि मी, तिघांची टाळकी आणि चौथी खुर्ची रिकामी. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली छपरे. मग सगळी वसाहत. वर्गात होती तोवर ती फुटाफुटाने चढत होती. आता तिला धरून ठेवायला काहीच उरले नव्हते, आणि जे होते ते मीच काढून घेतले होते.

काल ती टेबलाशी माझ्यासमोर बसली होती. डोळे उघडे, हात उबदार. कागदावर नदी, महामार्ग आणि करड्या ठिपक्यांच्या रांगा.

"शुभा, मी दिसतो का तुला?"

मी थांबलो.

बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले.

"फार लहान."

मी पट्टी घेऊन कागदावरच्या रेषा वाढवल्या.

चार हजार दोनशे फूट.