कुंकू लावलेला खांब

जालन्यात मस्तगडाजवळच्या एका चौकात 'थांबा'ची पाटी लागली, तिचं सगळं श्रेय श्रीपतराव वकील स्वतःकडे घेत, आणि ते काही खोटं नव्हतं. निजामाच्या अमलातले ते दिवस. कापसाच्या गाठींनी भरलेल्या लॉऱ्या स्टेशनाकडे जायला जवळचा रस्ता म्हणून भर वस्तीतून धडधडत जायच्या. एकदा श्रीपतरावांची सहा वर्षांची उषा चाकाखाली येता येता वाचली. त्या दिवसापासून त्यांनी नगरपालिकेचा असा पिच्छा पुरवला की तिथल्या साहेबांनी कंटाळून लाल पत्र्याची पाटी देऊन टाकली. वर उर्दूत 'ठैरो', खाली मराठीत 'थांबा'.

खांब रोवला तेव्हा वकीलसाहेब कोर्टात होते. आता नवी वस्तू उभी राहिली की तिच्यापुढं नारळ फुटायलाच हवा, मग ती विहीर असो की सरकारी पाटी. शेजारच्या गोजरबाई नारळ घेऊन आल्या. श्रीपतरावांच्या बायकोनं, अरुंधतीनं, कुंकू कालवलं, पाचही बोटं त्यात बुडवली आणि खांबावर हाताचा ठसा उठवला. मग डोळे मिटून ती म्हणाली, "जे जे या रस्त्यानं येईल, ते इथंच थांबव रे बाबा. माझ्या लेकीपर्यंत येऊ देऊ नको."

तिच्या मनात लॉऱ्याच होत्या. पण लॉरीचं नाव काही तिनं घेतलं नाही.

त्या चौकाला एक जुनं काम होतं, ते त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आसपासच्या गल्ल्यांत कुणी अंथरुणाला खिळलं, पोर दचकून रडायला लागलं, की घरातली बाई दहीभात आणि लिंबू त्याच्यावरून उतरून तिन्हीसांजेला चौकात ठेवून यायची. अंगातून निघालेलं जे काही असेल ते चारांतल्या एका रस्त्यानं निघून जायचं. भात कुत्री खायची. निघून गेलेलं कुठं जातं, याची चौकशी कधी कुणी केली नव्हती.

पाटी लागली आणि लॉऱ्या खरोखर थांबायला लागल्या. श्रीपतराव आठवडाभर मिशीला पीळ देत फिरले. पण कुत्र्यांनी उताऱ्याचा भात खाणं सोडलं. खांबापर्यंत यायची, शेपूट पायात घालून माघारी फिरायची. भात तिथंच आंबायचा. अरुंधतीच्या घराची खिडकी नेमकी चौकाकडे होती. दिवेलागणीला त्या खिडकीतून आंबट दह्याचा वास यायचा, आणि त्याखाली आणखी एक वास, दिवसचे दिवस बंद राहिलेल्या आजाऱ्याच्या खोलीचा. चौकात कुणी दिसायचं नाही. तरी तिकडं पाहिलं की आपण गर्दीकडं पाहतोय असं तिला वाटायचं. ती उजेड असतानाच खिडकी लावून घेऊ लागली.

एका संध्याकाळी खांबापाशी एक लॉरी थांबली ती हलेचना. इंजिन नुसतं घुरघुरत होतं. बऱ्याच वेळानं अरुंधती दारात आली. भुजंग ड्रायव्हर तिच्या ओळखीचा होता, येता-जाता रामराम करायचा. रस्ता मोकळा असून का थांबलात, असं तिनं विचारलं.

"मोकळा कुठं हाय, माय," भुजंग हळूच म्हणाला. त्याची नजर समोरून हटत नव्हती. "हे एवढे लोक उभे हायेत न... ते हलले की मंग जातो."

समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भुजंगनं एकदा तिच्याकडं पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं आणि लॉरी तशीच मागं घेतली. त्यानंतर तो त्या रस्त्यानं कधी आला नाही. अरुंधतीला त्या दिवशी जी भीती बसली ती बसलीच.

पुढच्याच आठवड्यात उषाला ताप भरला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण दिवसा उतरलेला ताप दिवे लागले की पुन्हा चढायचा. पोर बंद खिडकीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटत पडून राहायची. श्रीपतराव कामासाठी बदनापूरला गेले होते. अरुंधतीनं गोजरबाईंना बोलावून सगळं सांगितलं, भुजंगचं बोलणंही सांगितलं. आपणही पोरीवरून उतारा टाकावा का, असं विचारताना तिला रडू आलं.



"उतारा टाकून काय होनार? तिथून फुडं काही जाऊनच न्हाई राह्यलं," गोजरबाई म्हणाल्या. "त्या पाटीला कोन पुसतंय, बाई... तुमच्या कुंकवाच्या हातापाशी थांबलेत ते. ज्यानं लावलं त्यानंच पुसायचं, अन् जा म्हनायचं. मागं बघू नका. अन् येताना आडावर हात बराबर धुवा. धुतल्याबिगर घरात पाय टाकू नका. पोरीपाशी मी बसते."

ऊन नुकतंच गेलं होतं. तांब्या घेऊन अरुंधती चौकात गेली. खांबाजवळ हवा कोंदट होती, भरल्या देवळात असते तशी. कुंकू लावून महिना होत आला होता. वाळून खपली धरली असेल म्हणून तिनं पाणी आणलं होतं. पण हात लावला तर कुंकू ओलं होतं, आत्ताच कालवल्यासारखं. तिनं तळव्यानं ते खसाखसा पुसलं, वरून पाणी ओतलं.

"जा..." ती म्हणाली. "ज्याला जायचं त्यानं जा..."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पावलं वाजली. अनवाणी, फरफटत चालणारी, पुष्कळ. चार रस्त्यांनी पांगतील म्हणून अरुंधती कान देऊन उभी राहिली. पावलं पांगली नाहीत. सगळी तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

ती चालू लागली तशी पावलंही निघाली. आड डाव्या हाताला होता. ती तिकडं वळली, तर त्या बाजूनंही पावलं वाजत आली. तिचा धीर सुटला. तांब्या टाकून ती घराकडं पळाली आणि दार लावून कडी घातली.

आत उषा उठून बसली होती. अंग घामानं थंड, डोळे स्वच्छ. गोजरबाईंनी ताप उतरल्याचं खुणेनं सांगितलं. अरुंधतीला हुंदका फुटला. तिनं पोरीला उराशी धरलं.

"आई," उषा तिच्या खांद्यावरून दाराकडं बघत म्हणाली, "हे सगळे बाहेर का उभे आहेत?... आत या म्हणू?"

अरुंधतीनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. घट्ट, पाचही बोटांनी.

दिवा जवळ करून गोजरबाई पोरीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. तिच्या गालांवर, ओठांवर लाल हात उठला होता.

"बाई..." गोजरबाईंनी अगदी हळू विचारलं, "हात धुतला व्हता न?"

दाराला कडी होती. तरी पावलं उंबऱ्याच्या आत वाजली, आणि उषाच्या अंथरुणापाशी येऊन थांबली.