डराव म्हणणारी पेटी

“पेचकस घ्यायचा, काम उरकायचं आणि भलत्याच खुंटीला टांगायचा! माझ्या दुकानात कोणी असं केलं असतं ना, तर कान उपटून हातात दिला असता.”

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून स्वतःशीच पुटपुटत होते. भाऊजी त्यांच्या इतके जवळ उभे होते, की कान उपटायची वेळ आलीच तर पहिला नंबर आपलाच, असं त्यांना वाटलं. ते अर्धं पाऊल मागे सरले आणि थेट वहिनींच्या पायावर आले.

“भाऊजी, काय तुडवायचं ते तुडवा, पण माझा पाय सोडा,” वहिनी म्हणाल्या.

हरवलेल्या वस्तू आणि हरवलेली माणसं शोधणं हा मूळचा थोरल्या भावाचा धंदा. भाऊ गेला आणि त्याची खुर्ची वहिनींनी घेतली. भाऊजी मदतीला होते. म्हणजे पिशवी धरायला, वही लिहायला आणि चुकीचा अंदाज आधी बोलून टाकायला.

आज त्या दोघांना बोलावलं होतं ‘खटपटघरा’त. एका इमारतीच्या तळघरातली ही सामायिक कार्यशाळा. खिडकी एकही नाही, दिवसभर ट्यूबलाइट. हौशी मंडळी इथे येऊन तारा, बॅटऱ्या आणि डाग द्यायची सोल्डरिंग गन घेऊन खेळणी बनवत. तहान लागली की कण्हणारी कुंडी होती, शिंकणारी टोपी होती. फळीवर पाच कापडी बेडूक बसले होते. अंधार झाला की ते ओरडत.

एरवी इथे हसू आवरत नसेल. आज कोणी कोणाकडे बघतही नव्हतं.

“वहिनी, पाचला इस्पितळात दाखल व्हायचंय,” लिफ्टवाले म्हणाले. “आत्ता पावणेतीन झाले. काहीतरी करा हो.”

जन्मभर त्यांनी अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली होती. आज त्यांचा स्वतःचाच चेहरा दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा दिसत होता.

गोष्ट सरळ होती. त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, घशात गाठ होती. उद्या सकाळी ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कायमचा जाणार. म्हणून लिफ्टवाल्यांनी पेटी बनवली. चोवीस बटणं, चोवीस वाक्यं, सगळी काकूंच्याच आवाजात. दोन आठवड्यांपूर्वी आवाज धड होता तेव्हा ती भरून घेतली. ती सगळी नखाएवढ्या एका मेमरी कार्डावर होती. दुसरी प्रत नव्हती.

“दीड वाजता सहज बटण दाबलं,” लिफ्टवाले म्हणाले, “आणि...”

त्यांनी ‘पाणी द्या’चं बटण दाबलं.

“डराव,” पेटी म्हणाली.

‘दार लावा’. डराव. पाच बटणांवर डराव, पुढची एकोणीस मुकी.

भाऊजींना हसू आलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. कोपऱ्यात स्टुलावर काकू बसल्या होत्या. पेटीसाठी कापडी खोळ शिवत होत्या. शिवणकाम करून त्यांनी संसाराला हातभार लावला होता. खाली मान घालून त्या इतका बारीक टाका घालत होत्या, की सुई हलतेय की नाही तेही कळू नये.

“पुन्हा भरून घेऊ की! दोन तास आहेत,” भाऊजी म्हणाले.

काकूंनी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. गेल्या आठवड्यापासून आवाज बसला होता, उरली होती नुसती खरखर.

“पेटी उघडून पाहिलीत?” वहिनींनी विचारलं.

“बोटसुद्धा लावलं नाही. पुरावा असतो ना!”

“शाबास. आणि पेटीवरचं हे घड्याळ?”

“तिच्या औषधांच्या वेळांसाठी. सकाळी नऊला बॅटरी घातली तेव्हा लावलं, तेव्हा पेटी नीट बोलत होती. बॅटरी काढली की बेटं शून्यावर येतं.”

वहिनींनी मनगट पाहिलं, मग पेटी. दोन्हीकडे दोन सत्तेचाळीस. मागचं झाकण उघडून त्यांनी कार्ड बाहेर काढलं. कोरं, काळं, कोणाचंही असू शकेल असं.

“घड्याळजी, तुमचं आणि लिफ्टवाल्यांचं भांडण झालं होतं म्हणे?”

“झालं होतं. ते माझ्या टेबलावर राख सांडतात. पण म्हणून मी बाईमाणसाचा आवाज चोरीन?” घड्याळजींनी भिंतीकडे बोट केलं. तिथे लाल अक्षरात लिहिलं होतं : आधी बॅटरी काढा, मग हात घाला. “ती पाटी माझी. माझी बोटं पोळली तेव्हा लिहिली. इथले सगळे झोपेतसुद्धा आधी बॅटरी काढतात. साडेदहाला मी दुकानात गेलो, अकराला परत आलो. तेवढा वेळ सोडला तर सकाळपासून इथेच आहे.”

पुढची पाळी बेडूकताईची. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि उरलेल्या वेळात बेडूक बनवायची. ती रडकुंडीला आली होती.

“कार्ड माझंच असणार हो. त्या वाटीत बेडकांची पाचसहा जादा कार्डं आहेत. सगळी तपासली, प्रत्येकावर पाच-पाच डराव. माझ्यामुळे काकूंचा...”

“साडेदहाला कुठे होतीस?”

“जिन्यात. आईचा फोन. अर्धा तास. म्हणजे आईच्या मानाने लवकर आटोपला.”

“तुला ओलांडून कोणी खाली आलं?”

“कोणीच नाही. लिफ्टवाले काका रिपोर्ट आणायला वर गेले, त्यांच्यामागून घड्याळजी गेले. खाली फक्त काकू होत्या.”

भाऊजींनी वहीत लिहिलं : खाली कोणी नाही. मग करायला काही उरलं नाही, म्हणून फळीवरचा एक बेडूक उचलला.

“हा बरा जमलाय हो. बाकीच्यांची पोटं कशी पोतं शिवल्यासारखी.”

“चेष्टा करू नका, काका. मला सुई धरता येत नाही. सगळे सारखेच वेडेवाकडे आहेत.”

“शेवटचे कधी ओरडले हे?” वहिनींनी विचारलं.

“काल निघताना, दिवे घालवले तेव्हा. पाचही.”

“आज दिवे?”

“नऊपासून चालूच आहेत.”

वहिनींनी भाऊजींच्या हातातल्या बेडकाचं पोट निरखून पाहिलं. भाऊजींना ही नजर ओळखीची होती. उत्तर सापडलेलं असे, पण सांगावंसं वाटत नसे.

“भाऊजी, बेडूक खाली ठेवा. दिवे घालवा.”

खटका दाबताच काळोख झाला. एक बेडूक ओरडला, दुसरा, तिसरा, चौथा. आणि पाचव्याच्या पोटातून एक स्वच्छ, भरदार, थोडा खट्याळ आवाज आला :

“पाणी द्या ना जरा.”

अंधारात कोणीतरी हुंदका दिला.

“दार लावून घ्या, वारं येतंय,” बेडूक म्हणाला.

भाऊजींनी घाईघाईने दिवे लावले. लिफ्टवाले बेडूक छातीशी धरून उभे होते.

“कोणी केलं हे?”

“इथल्या सभासदाने नाही,” वहिनी हळू म्हणाल्या. “सभासदाने सवयीने आधी बॅटरी काढली असती आणि घड्याळ शून्यावर आलं असतं. ते तर मिनिटाबरहुकूम चालतंय. पेचकस भलत्या खुंटीला गेला, कारण कुठली खुंटी कोणाची हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. बाहेरून कोणी आलं नाही, जिन्यात ताई होती. तेव्हा खाली जे होतं त्यानेच केलं.”

“पण खाली तर कोणीच...” भाऊजी वहीकडे बघत थांबले.

“आपण सगळ्यांनीच तसं लिहिलं, भाऊजी. स्वतःचा आवाज कोण चोरेल? पण या बेडकाचं पोट उसवून, कार्ड बदलून, पुन्हा शिवलंय. टाका दिसतसुद्धा नाही. असा टाका या तळघरात एकाच हाताला येतो.”

सुई थांबली होती.

“अगं, का?” लिफ्टवाल्यांनी विचारलं. “रात्रंदिवस बसून केली मी ती पेटी. तुझ्यासाठीच ना?”

“वाक्यांची यादी आहे?” वहिनींनी विचारलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. पाणी. चहा. दार. टीव्ही लहान करा. तुमचंच बरोबर आहे. चोविसावं : मी मजेत आहे, काळजी करू नका.

“हे चोविसावं एका दमात भरलं?”

“छे, अकरा वेळा घेतलं. आवाज हसराच येईना. मीच म्हटलं, हस जरा, घरी आल्यावर सारखं लागेल हे.” ते कागदाकडे पाहतच राहिले. “यादी मीच केली. तिला म्हटलं, तू त्रास घेऊ नकोस.”

“कार्ड मोडलं नाही तिने, पाण्यात टाकलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “जपून शिवून ठेवलं. एवढंच, की आज ते तुमच्या हाती नको होतं. का, ते मला शोधता येत नाही. ते तिनेच सांगायला हवं.”

“तिला बोलायचा त्रास होतो,” लिफ्टवाले घाईने म्हणाले. “राहू दे. सापडलं ना, झालं. आपण निघू. सगळं छान होणार आहे, डॉक्टर म्हणालेत, दहा दिवसांत...”

“हो काकू, छानच होणार,” बेडूकताई म्हणाली.

“चुटकीसरशी,” घड्याळजी म्हणाले.

भाऊजीही तेच म्हणणार होते. वहिनींनी त्यांचा दंड दाबला.

काकूंनी खोळ बाजूला ठेवली. उठून नवऱ्यासमोर आल्या, त्याच्या हातातला बेडूक काढून टेबलावर ठेवला आणि रिकामे झालेले ते हात आपल्या हातात घेतले. घसा खरवडत, एकेक शब्द ओढून काढत त्या बोलल्या.

“अहो, मला भीती वाटते. उद्या मी त्या टेबलावरून उठलेच नाही तर?”