शेपटाचं पाणी

"तुम्ही माझं पाणी चोरलं, साहेब. अंधारात न्हाई, दिवसाढवळ्या, सरकारी कुलूप लावून चोरलं."

कालव्याच्या कचेरीत तुळजाबाई उभी राहून बोलली, तेव्हा साहेबानं मोबाइलमधून मानही वर केली नाही. "मावशी, भागवतरावाचं झालं की तुमचं. घरातलंच तर आहे."

घरातलंच! तो शब्द तिच्या अंतःकरणाला इंगळीसारखा डसला... शिरूर अनंतपाळहून गावाकडं परतताना तिला जुनं सगळं आठवत राहिलं. सासूनं डोळे मिटले तेव्हा भागवत, तिचा धाकटा दीर, दुधासाठी रडणारं लेकरू होतं; अंगाची हळद उतरली नव्हती त्या नवरीनं त्याला कडेवर घेतलं, ते मनातून आजतागायत खाली ठेवलं नव्हतं. पुढं नवरा गेला, वाटणी झाली, तेव्हा कालव्याच्या चारीच्या तोंडाशी असलेलं सपाट, काळंभोर वावर तिनं आपणहून त्याला दिलं आणि शेवटचं, उताराचं स्वतःला ठेवलं. भावकी हसली. ती म्हणाली, "हसा. पाळीचं पाणी शेपटाकडून सुरू होतंय. शेवटचं वावर आधी भिजतंय." नियमच तसा होता, सासऱ्याच्या हयातीत तो कुणी मोडला नव्हता, त्या एका नियमावर विसंबून तिनं आपली तहान पणाला लावली होती...

आता गहू ओंबीत दूध धरून उभा होता, रब्बीच्या पाण्याची शेवटची पाळी सुटली होती, आणि चारीतून तिच्या वावरात पाणी सोडणाऱ्या दाराला कुलूप होतं. सगळं पाणी भागवतच्या हरभऱ्यात चाललेलं. तो बांधावरच होता. वैनीला बघून त्यानं तोंड फिरवलं.

तुळजाबाई रडली नाही. तिनं फावडं उचललं. भागवतच्या वावरातलं जास्तीचं पाणी सासऱ्याच्या काळापासून तिच्या वावरातल्या चरानं ओढ्याला जायचं. तो चर तिनं बांधापाशीच दिवस मावळायच्या आत चिखलानं बुजवला, वर दगड रचले. माझा गहू वाळला तर वाळू दे... पण तुझ्या उष्ट्या पाण्याचा थेंब माझ्या मातीला नको, आणि तुझा हरभरा बुडताना मी याच डोळ्यांनी बघणार!

उजाडलं तेव्हा हरभऱ्यात पोटरीएवढं पाणी तुंबलं होतं. भागवतनं आपलं दार लावून पाहिलं, तर काठोकाठ भरलेली चारीच फुटून वावरात घुसली. खालच्या, वैनीच्या दाराची किल्ली साहेबाकडं, पाणी जाणार कुठं? तो चिखल तुडवत वैनीकडं धावला.

"वैनी, चर मोकळा कर. मुळं कुजून हरभऱ्याला मर लागंल."

"लागू दे."

"वर्षाचं पीक हाय, वैनी."

"आन् माझं काय गवत व्हतं?"

भागवत खाली बसला. "साहेबच म्हणला, खालचं दार लावतो, बाईमाणूस काय करणार हाय. मी गप बसलो."

"त्यो परका. तू का गप बसलास?"

त्यानं पायाचा चिखल बोटानं खरवडला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, तू माफ करशील. आजवर करीतच आलीस."

म्हणजे तिच्या मायेचंच यानं हत्यार केलं होतं... तिच्याच गळ्यावर चालवायला! तिनं फावडं चिखलात रोवलं.

"म्हणून तर आज न्हाई करणार," ती म्हणाली. "साहेब काय म्हणला, त्ये त्याच्या तोंडावर बोलशील?"

त्याचे डोळे भरून आले. "बोलतो. चारचौघांत बोलतो."

तिनं दगड लाथेनं उडवले, फावड्याचा घाव घातला. पाणी घोंघावत चरात उतरलं, काठ ओलांडून गव्हात शिरलं, आणि भेगाळलेली माती घोटाघोटानं पिऊ लागली. भागवत पायाशी वाकला.

"पाया नको पडू," ती म्हणाली, पण तिचा हात त्याच्या केसांवर गेलाच. "चल."

दोघं चिखलाच्या पायांनी कचेरीत शिरले. भरल्या खोलीत भागवतनं सगळं सांगितलं. साहेब कसनुसं हसला. "अहो, घरात मिटलं ना तुमचं? मग आता काय?"

तुळजाबाईनं फावडं त्याच्या टेबलावर आडवं ठेवलं.

"घरातलं घरात मिटलं. तुमचं न्हाई मिटलं. शेपटाचं दार कुठल्या नियमानं लावलं, साहेब? बोला. मी बसलेय हितं."