अभ्यास संपल्यावर

तो डॉक्टर आहे हे ठाऊक नसल्यामुळं सरितानं पहिल्याच भेटीत त्याला सुनावलं होतं.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्याबाहेर, कडुनिंबाखालच्या बाकावर ती बसली होती. आत तिचे वडील, करमाडचे कचरू आबा. त्यांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलेली; पोट न फाडता, दोन्ही जांघांतल्या बारीक छिद्रांतून डॉक्टरांनी आत कृत्रिम नळी बसवली होती.

"छिद्रं पाडून मोकळे होतात," शेजारी चहा पिणाऱ्या तरुणाला ती म्हणाली. "पुढं वर्षानुवर्षं त्या जागेचं काय होतं, कोण बघतं?"

"मी बघतो," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर राजकुमार. माझा अभ्यासच तो आहे."

सरिताला कुठं पाहावं कळेना... आणि तो मात्र कपाआड हसत होता.

मग दर हिवाळ्यात तपासणी. सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडं वळवून तो म्हणायचा, "बघा, कसं झुळझुळ वाहतंय." ती बघायची—थोडं पडद्याकडं, थोडं त्याच्या बोटांकडं. करमाडला परतताना बसच्या खिडकीतून कोवळं ऊन अंगावर यायचं, आणि त्याचा आवाज कानात रेंगाळत राहायचा.

यंदा मात्र आबांचा पाय चालताना दुखू लागला. सरिताची झोप उडाली. छिद्राच्या जागी रक्तवाहिनी आखडून पायाला रक्त कमी जात असेल तर?

राजकुमार पडद्याकडं बराच वेळ बघत राहिला. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत उभी.

"वाट मोकळी आहे," शेवटी तो म्हणाला. "दुखणं गुडघ्याचं आहे."

आबा कापडी आडोशामागं सदरा घालू लागले. सरितानं हळूच डोळे पुसले.

"माझा अभ्यास संपला," राजकुमार म्हणाला. "यापुढं आबांना दुसरे डॉक्टर तपासतील."

"म्हणजे... आपली भेट नाही?"

"ते माझे पेशंट होते, तोवर बोलणं बरं दिसलं नसतं." तो थांबला. "तुम्ही मला आवडता, सरिता. लई दिवसांपासून."

"मला समदं ऐकू येतंय," आडोशामागून आबा म्हणाले. "कान काय बिघडले नायत माझे."

दोघंही हसली. खिडकीतलं ऊन त्याच्या खांद्यावर उतरलं होतं. तिला वाटलं, हे असंच थांबावं...

"रविवारी घरी ये," ती म्हणाली.

'या' म्हणायचं होतं. ओठांवर 'ये' आलं—आणि तिनं ते मागं घेतलं नाही.