चाळणीत उरलेला कोंडा

शुक्रवारी सकाळी साडेदहाला अमोघ खटावकरने मनगटावर नाडीपट्टी बांधली, चहाचा कप डावीकडे सरकवला आणि तो जग वाचवायला बसला. हेच जग त्याने बाराव्या वर्षी मिरजेत, आक्काच्या मदतीने वाचवायला घेतलं होतं, आणि तेव्हा ते काही वाचलं नव्हतं. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, पुण्यात बाणेरला एका कंपनीत होता आणि या कामाचा त्याला पगार मिळत होता.

खेळाचं नाव 'सप्तघंटा'. जपानी लोकांनी बनवलेला, त्यांच्या खास ऐसपैस पद्धतीचा व्हिडिओ गेम. तोमा नावाच्या पोराचं गाव समुद्रात बुडतं आणि सात बेटांवरच्या सात घंटा वाजवून समुद्राला शांत करायला तो निघतो. वाटेत सोबती जोडले जातात, भांडतात, परत येतात, एखादा मरतोही. खेळ पुरा व्हायला एकशे बारा तास लागत. त्यातली खरी गोष्ट वीस तासांची, उरलेला वेळ माणसाचा अंत पाहण्यात जाई. दहा पावलं चाललं की झुडपातून तेच तीन खेकडे निघणार, आणि असे शेदोनशे खेकडे मारल्यावाचून तोमाच्या अंगात पुढच्या राक्षसाला पुरेल एवढं बळ येणार नाही. आचाऱ्याला सतरा निळी अंडी हवीत. मनोऱ्याच्या नवव्या मजल्यावर पोचल्यावर कळणार, की किल्ली तळघरात राहिली. खेळ जतन करायचा तर वाटेत दीपमाळ लागायला हवी, आणि मिरजेतली भारनियमनाची वीज नेमकी दीपमाळ समोर दिसू लागली की जायची. एकदा असे साडेतीन तास पाण्यात गेले, तेव्हा अमोघ जेवला नव्हता.

तरी पोरं या खेळांवर जीव टाकत. साठ तास झाले की ते बंदर आपल्या गल्लीइतकं ओळखीचं होई. पाचव्या तासाला भेटलेला नावाडी सत्तराव्या तासाला परत भेटून "मोठा झालास रे" म्हणाला की ते खरं वाटायचं, कारण मधल्या तासांत पोरांनी खरोखरच खेकडे मारलेले असायचे. आयत्या मिळालेल्या कौतुकाला ती चव नाही, हे अमोघला त्या वयातही कळत होतं.

आक्का म्हणजे शलाका, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. खेळ इंग्रजीत होता आणि अमोघचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे बटणं त्याची आणि भाषा तिची अशी वाटणी झाली होती. प्रत्येक गावकऱ्याचं बोलणं ती आवाज बदलून मराठीत वाचून दाखवायची आणि दोनशे पानी वहीत नकाशे काढायची, कामाची बोलणी टिपून ठेवायची. तिचा एक नियम होता. प्रत्येकाशी दोनदा बोलायचं. पहिल्यांदा माणूस काहीतरी हवापाण्याचं बोलतो, पण निघून न जाता पुन्हा बटण दाबलं तर कधी कधी खरं सांगतो. अमोघ वैतागायचा, तरी दाबायचा.

दोघांचं भांडण व्हायचं ते अमृतरसाच्या कुप्यांवरून. या कुप्या सहजी मिळायच्या नाहीत, म्हणून अमोघ त्या वापरायचाच नाही. शेवटच्या लढाईला कामाला येतील म्हणून राखून ठेवायचा. हे खेळ खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही खोड असते. शेवटच्या लढाईत समुद्रराक्षसाने तोमाला लोळवलं, तेव्हा पिशवीत नव्व्याण्णव कुप्या तशाच होत्या. आक्का दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पुढे डिस्कवर चरा पडला, आक्काचं बी.एड. सुरू झालं आणि तोमाचं गाव बुडालेलंच राहिलं.

कंपनीची 'चाळण' ही प्रणाली आली ती तीन वर्षांपूर्वी. नाडीपट्टी मनगटातले ठोके आणि त्वचेचा ओलावा टिपते, समोरचा कॅमेरा नजरेची चुळबुळ टिपतो. त्यावरून माणसाचं मन कुठे लागतंय आणि कुठून उठतंय हे चाळणीला कळतं. थोड्या दिवसांत ती माणसाला इतकी ओळखू लागते, की मन कशावरून उठणार हे तिला आधीच समजतं. तो भाग ती गाळून टाकते आणि त्यात कमवायचं असेल ते गुपचूप पिशवीत आणून ठेवते. एकशे बारा तासांचा 'सप्तघंटा' एकोणीस तासांत आटपू लागला. गाळलेल्या भागाला कंपनीत सगळे कोंडा म्हणत.

आता चाळणीला कंटाळा ओळखायला शिकवायचं, तर कुणाला तरी आधी कंटाळणं भाग होतं. ते काम अमोघने केलं. चार महिने पट्टी बांधून त्याने अख्खा खेळ काही न गाळता खेळून काढला आणि कंटाळा म्हणजे काय, हे चाळण त्याच्या नाडीवरून शिकली. याचा त्याला अभिमान होता, आणि लग्नकार्यात तो हे दोनतीनदा तरी सांगायचा.

पुढे चाळण सिनेमांना लागली, मीटिंगांना लागली, फोनवरच्या आवाजी निरोपांनाही लागली. आक्का दर रविवारी मिरजेहून निरोप पाठवायची. शाळेत भूगोल शिकवणारी, आई गेल्यापासून घरात एकटी असलेली बाई. बोलायला बसली की पंचवीस मिनिटांचं गुऱ्हाळ. चाळण त्याची तीन मिनिटं करून द्यायची. आवाज तिचाच, सांधा कुठे ते कळायचं नाही. अमोघ जेवताजेवता ऐकायचा, हसायचा, दोन शब्दांत उत्तर द्यायचा. आपलं आणि आक्काचं हल्ली किती छान जमतंय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्या शुक्रवारी खेळाची मराठी आवृत्ती तपासायची होती. तोमा चौथ्या बेटाच्या बंदरावर उतरला, पडदा क्षणभर मंदावला आणि पिशवीत एक शंख आला. तो फुंकला की नाव येणार होती. अमोघचा हात थांबला. हा शंख कुणीतरी दिला होता. धक्क्यावर जाळं दुरुस्त करणारी एक म्हातारी होती आणि आक्का तिचं बोलणं घोगऱ्या आवाजात वाचायची, एवढं त्याला आठवलं. ती काय म्हणाली होती ते मात्र काही केल्या आठवेना; त्या चार महिन्यांतही त्याने तिचं बोलणं न वाचताच पुढे ढकललं होतं. मराठी वाक्य बरोबर आहे का हे तपासायला मूळ वाक्य हवं होतं, ते फायलींत शोधत बसण्यापेक्षा त्याने सरळ आक्काला फोन लावला.

तिने लगेच उचलला. शाळेच्या वेळेत ती घरी कशी, हे त्याला सुचलं नाही. वहीही हाताशीच होती, कपाट आवरायला काढलं होतं म्हणे. तिने वाचून दाखवलं. पहिल्यांदा म्हातारी म्हणते, जाळं फाटलंय बाबा, वारा पडलाय, जा आपल्या वाटेने. दुसऱ्यांदा म्हणते, अजून इथेच? मग बस. हा माझ्या पोराचा शंख, त्याला आता लागायचा नाही. आक्काने आवाज तसाच घोगरा काढला आणि दोघंही हसले. कशी आहेस, असं त्याने विचारलं. बरी आहे, तुझं काम चालू दे, असं ती म्हणाली.

"वहीचे फोटो आजच काढून पाठवू का?" तिने विचारलं. "मंगळवारनंतर हात उचलायला जमेल न जमेल."

सावकाश पाठव, असं म्हणून त्याने फोन ठेवला. तोमाला नावेत बसवलं, पाचव्या बेटाकडे निघाला आणि अर्ध्या समुद्रात त्याच्या डोक्यात ते वाक्य पुन्हा वाजलं. हात का नाही उचलायचा? मंगळवारी काय आहे?

त्याने गेल्या रविवारचा निरोप काढला. तीन मिनिटं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने जोडे पळवले, नववीतल्या एका मुलीने श्रीलंका अरबी समुद्रात काढली. खाली त्याचं उत्तर होतं, 'मस्त. कळव पुढे काय होतं ते.'

कोंडा महिनाभर साठवलेला असतो, पण तो कुणी उघडत नाही. अमोघने उघडला. सव्वीस मिनिटांतली तेवीस. स्वयंपाकघरातला नळ, नळवाला दोनदा येतो म्हणून न आलेला, भाजीवालीच्या सुनेचं तिसरं बाळंतपण. नवव्या मिनिटाला त्याची नजर मेलकडे वळली. सतराव्या मिनिटाला भानावर आला आणि आपण काहीच ऐकलेलं नाही हे लक्षात येऊन ओशाळला. त्याने निरोप मागे नेला आणि डोळे मिटून ऐकू लागला. बाराव्या मिनिटाला नळाच्याच सुरात आक्का बोलत होती.

"आणि ती काखेतली गाठ, मागे म्हटलं होतं बघ, तिचा तुकडा तपासायला दिलेला. त्याचा रिपोर्ट काही चांगला आला नाही. मंगळवारी ऑपरेशन करूया म्हणाले. घरचं कुणीतरी असावं म्हणतात, तुला सुट्टी मिळाली तर बघ. नाहीतर आमच्या जोगळेकरबाई आहेत. बरं, तर तो नळवाला..."

मागे म्हटलं होतं. त्याने आधीचे निरोप उपसले. दोन रविवार मागे, कोंड्यातच, गाठ पहिल्यांदा आली होती. त्याचं उत्तर होतं, 'अरे वा.' अमोघला स्वतःची अशी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

चाळणीचा गाभा सायमा काझीने लिहिला होता आणि ती पलीकडच्याच टेबलावर बसायची. त्याने तिला निरोप ऐकवला. तिने त्याच्या नाडीचा जुना आलेख उघडला. गाठ, रिपोर्ट, ऑपरेशन हे शब्द तरी ओळखायला नकोत का, असं तो जरा चढ्या आवाजात म्हणाला.

"ती शब्द ऐकत नाही, अमोघ. ती तुला ऐकते," सायमा म्हणाली. तिने एका जागी बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्याची आई दवाखान्यात असताना आक्का रोज निरोप पाठवायची आणि ते तो न गाळता, पण पट्टी बांधलेलीच असताना ऐकायचा. रिपोर्टचा विषय निघाला की प्रत्येक वेळी त्याचं मन तिथून उठलं होतं. चाळण ते तेव्हाच शिकली होती.

"तो कंटाळा नव्हता," अमोघ म्हणाला. "मला भीती वाटायची."

"असेल. कंटाळून लक्ष काढलं की भिऊन, हे तिला वेगळं कळत नाही." मग तिने विचारलं, "तुला कळत होतं का?"

तो जागेवर येऊन बसला. मनगटावरची पट्टी सोडून खणात टाकली. मग सुट्ट्यांचं पान उघडलं. त्रेचाळीस दिवस शिल्लक होते. कधी तरी कामाला येतील म्हणून दर वर्षी राखून ठेवलेले. आईच्या वेळीही त्याने त्यातले चारच वापरले होते. त्याने सगळ्या त्रेचाळीस दिवसांचा अर्ज केला, उद्यापासूनचा, आणि फोन उचलला.

"आता काय? नकाशा हवाय?" आक्का म्हणाली.

"नको. दोनदा बोलायचं असतं ना."

 मग त्याने सांगून टाकलं. तिचे निरोप त्याने ऐकलेच नव्हते, यंत्राने ते गाळले होते, आणि काय गाळायचं हे त्या यंत्राला त्यानेच शिकवलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत तो मिरजेत पोचत होता.

"मला वाटलं, ऐकून मस्त म्हणालास," आक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि त्यानेच त्याला जास्त लागलं. "तुला असलं ऐकायला जमत नाही, आईच्या वेळी बघितलंय की मी. म्हणून मधेच कुठेतरी घालून सांगत होते."

"आता सांग. पहिल्यापासून."

"नळापासून?"

"नळापासून."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पट्टी सोडल्यावर मनगटावर राहिलेला फिकट पट्टा अमोघ दुसऱ्या हाताने चोळत होता. खरी गोष्ट कितव्या मिनिटाला येईल हे त्याला माहीत नव्हतं आणि या वेळी ते सांगणारं कुणी नव्हतं.

"लांबेल हं," आक्का म्हणाली. "वेळ आहे ना रे तुला?"