दोन पाण्यांची विहीर

खेकडे पकडायला जायचं, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. आनंदा तर बादलीही पैदा करून बसला होता. पण सकाळी तो आणि त्याची बहीण शालू हाक मारायला आले, तेव्हा तानी झोपडीच्या दारात बसून भांड्यांचं बोचकं बांधत होती.

"कुठे निघालात?" शालूने विचारलं.

"मासवणला. उद्यापातुर जागा खाली करायची हाय," तानी वर न बघताच म्हणाली.

शालू आणि आनंदा बोईसरचे. सुट्टीला ते चिंचणीत मामांकडे, म्हणजे पंढरीशेटकडे येत. वाडी पंढरीशेटची. तानीचा बा, गोमा, तिथे बारा वर्षं बैल जुंपून रहाट चालवत होता. रहाटाचे डबे विहिरीतलं वरचं वरचं पाणी उपसत आणि त्यावर मिरची डोलायची. त्या वर्षी वाडीत वीज आली. शेटनी मोटर बसवली, रहाट मोडीत निघाला. आणि तीन आठवड्यांत पाटाचं पाणी खारट झालं, मिरचीची पानं कडांनी करपली. काम गेल्याच्या रागाने गोमानेच विहिरीत मीठ ओतलं, असं शेटनी ठरवून टाकलं आणि त्याला झोपडी सोडायला सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

बा एक शब्द बोलला नव्हता. तानीला त्याचंच जास्त लागलं होतं. रोज विहिरीला हात जोडून कामाला लागणारा माणूस तिच्यात मीठ टाकेल?

मीठ टाकणाऱ्याला पकडायला रात्रभर विहिरीवर पहारा करू, असा बेत आनंदा आखत होता. तू आठ वाजताच घोरायला लागतोस, असं म्हणून शालूने तो मोडीत काढला. मग तानी हळूच म्हणाली, "एक गंमत हाय. मी कळशी भरते ते पाणी गोडं लागतं. मोटरचं तेवढं खारं."

"विहीर एकच ना?"

"एकच. पण मोटरच्या नळीचं तोंड पार तळाला सोडलंय. मी बघितलंय."

शालूने तिच्याकडे बघितलं आणि खेकडे तिथेच राहिले. त्यांनी एका बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली आणि बाटली तळापर्यंत सोडली. मग तानीने बुचाच्या दोरीला हिसका दिला. वर आलेलं पाणी आनंदाने चाखलं आणि लगेच थुंकलं.

शालूने मामीच्या इंजेक्शनची रिकामी बाटली आणली. तानीच्या कळशीतल्या पाण्यात ती जेमतेम बुडेपर्यंत चिमूट चिमूट वाळू भरली आणि बूच घट्ट लावलं. तीच बाटली तळातून काढलेल्या पाण्यात सोडली, तर ती वर येऊन तरंगायला लागली. तानीने तीनदा बोटाने दाबली आणि तीनदा ती वर आली.

"मीठ विरघळलं की तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं," शालूने समजावलं. "म्हणजे पाण्याची घनता वाढते. दाट पाणी जड, ते खाली बसतं. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. आमटीवर तेल तरंगतं ना, तसंच."

तिघं बाटल्या घेऊन पंढरीशेटकडे धावले. शेटनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, की गोमाने टाकलेलं मीठही तळालाच बसणार, मग यातून सिद्ध काय झालं? शालूने शाळेचं पुस्तक आठवून बघितलं. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

तानीने मात्र दोरी आणि बाटली उचलली आणि कुंपण ओलांडून शेजारच्या रंभाबाईंच्या वाडीत गेली. तिथे अजून रहाटच होता आणि मिरची हिरवीगार होती. काय चाललंय बघायला शेटही मागोमाग आले. रंभाबाईंनी स्वतः दोरी धरली. तळाचं पाणी वर आलं. तानीने त्यात इंजेक्शनची बाटली सोडली आणि ती तरंगली.

"या विहिरीत कोनी मीठ टाकलं, शेट?" तानीने विचारलं. तिने मान खाली घातली नाही.

शेटनी सुरूच्या झाडांपलीकडे बघितलं. समुद्र हाकेच्या अंतरावर होता. त्याचं खारं पाणी जमिनीखालून सगळ्याच विहिरींच्या तळाशी येत होतं. मोटरने नेमकं तेच ओढून मिरचीला पाजलं होतं.

शेट तडक गोमाच्या झोपडीकडे गेले. गोमा उठून उभा राहिला.

"गोमा, चुकलो मी. आता नळीचं काय करू, सांग."

"वरती घ्या. रिकामा डबा बांधून हातभर पान्यात तरंगती ठेवा," गोमा म्हणाला. "आन् उन्हं चढली का मोटर बंद. विहिरीला दम खाऊ द्यायला पायजे. रहाटाचे बैल पन मी तवाच सोडीत होतो."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलंच नाय."

शेटनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मग त्यांनी मोटरच्या खोलीची किल्ली गोमाच्या हातात दिली. मोटर केव्हा लावायची आणि केव्हा थांबवायची, ते यापुढे तोच ठरवणार होता. जाता जाता ते तानीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तू आज म्हाताऱ्याला शिकवलंस."

आनंदाने विचारलं, की आता तरी खेकडे पकडायला जायचं का. तानी हसली. बोचक्याची गाठ सोडून तिने आधी भांडी जागच्या जागी लावली आणि मग त्याची बादली उचलली.