टॉर्च धरणारी

"बोर्ड गेलाय मॅडम. नवीन मशीन घ्या," सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने तिसऱ्यांदा सांगितलं.

"दोनच वर्षं झालीत."

"तेवढंच चालतं हल्ली."

तिचं डोकं सणकलं. शाळेत गणित शिकवणारी बाई ती, चाळीस पोरांना नुसत्या नजरेने गप्प करायची. इथे तिला कुणी विचारत नव्हतं. त्या कपडे धुण्याच्या मशीनला बावीस प्रोग्रॅम होते, पण बटण एकही नाही. नुसती गुळगुळीत काच. बाबांची नजर अधू झालेली. जुन्या मशीनची मूठ ते चाचपून फिरवायचे, स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे. या काचेवर बोट भलतीकडे पडलं, आणि आईने विणलेला त्यांचा स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा झाला. आई आता नव्हती. त्या दिवसापासून बाबा बाथरूममध्ये वाकून हातानेच कपडे पिळत होते, आणि आता तर मशीनने मानच टाकली होती.

मागे कुणीतरी हसलं.

"हसायला काय झालं?" ती गर्रकन वळली.

"तुम्हाला नाही, यांच्या उत्तराला हसलो," मागचा उंच माणूस म्हणाला. "मागच्या गल्लीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. हे लोक मला सुटे भाग विकत नाहीत, आज चौथी खेप. तुमची मोटर ठणठणीत असेल. बोर्ड काढून जुन्या पद्धतीची फिरवायची मूठ बसवून बघू?"

"जमेल?"

"राग आला की मला सगळं जमतं."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली.

रविवारी तो आला. काच उचकटून काढली आणि तिला नाही, बाबांना विचारलं, "काका, मूठ कुठे हवी? हात आपोआप कुठे जातो?" बाबांनी बोट टेकवलं, त्याने तिथेच खूण केली.

ती टॉर्च धरून उभी.

"उजेड हातावर पाडा… चेहऱ्यावर नको."

"चुकून गेला."

"दोनदा?"

तिने टॉर्च खाली केला. कान मात्र तापले होते.

तिसऱ्या रविवारी मूठ कटकट करत फिरली. बाबांनी झाकणावर हात ठेवून स्वतःचे शर्ट धुतले आणि ताठ मानेने गॅलरीत वाळत घालायला नेले.

तो पान्हे गोळा करत पुटपुटला, "एक सांगायचंय… हे पहिल्याच रविवारी झालं असतं. मी मुद्दाम लांबवलं."

"का?"

"तुम्ही टॉर्च धरता म्हणून."

एक क्षण तिला गोड वाटलं. मग बाथरूममध्ये वाकलेली बाबांची पाठ आठवली आणि ती भडकली. "दोन आठवडे ते कंबर धरून कपडे पिळत होते. त्या काउंटरवाल्यात आणि तुमच्यात फरक काय मग?"

"काही नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं."

एवढंच बोलून तो गॅलरीत गेला. बाबांना त्याने सगळं सरळ सांगितलं, टॉर्चसकट. बाबांनी बादलीतली चादर उचलली.

"मग पिळायला तरी यायचं होतंस," ते म्हणाले, आणि ओल्या चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

ती दारात उभी होती. गेला महिनाभर ती दारोदार भांडत होती. 'चुकलं' हा शब्द तिने आज पहिल्यांदा ऐकला होता.

निघताना तो जिन्यात घुटमळला.

"पुढच्या रविवारी या," ती म्हणाली.

"आता काही बिघडलेलं नाही."

"माहितीय."

"राग गेला…?"

"नाही. रविवारीही असेल," ती म्हणाली. "तरी या."